होड्यांचा कोर्स, हॅडली काउंटी

३ फेब्रुवारी
रोजगार मंडळाचा डेटा आजपासून माझ्याकडे. किळस येते. कॉलेजवाले 'वेल्डिंग' चार तऱ्हांनी लिहितात. बेकारभत्त्याच्या यादीत मेलेली माणसं अजून नोकरी शोधतायत. खाणी बंद पडल्यापासून अख्खा जिल्हा, म्हणजे आमची हॅडली काउंटी, अंदाजाने शिकते. संकल्प : अंदाज बंद.

१९ मार्च
कॉलेज, कारखाने, नोकरीच्या जाहिराती, सगळं एकत्र जोडलं. बटण दाबलं की हॅडली काउंटीत कुठल्या कामाला माणसं हवीत ते समोर. पहिला नंबर : फायबरच्या होड्यांची दुरुस्ती.
आमच्या प्रमुख विल्मा मॅडम म्हणाल्या, "एल्ड्रिज, केंटकीचे डोंगर आहेत हे. होडी काय गटारात चालवायची?"
शिसारी आली. डेटाला डोंगर दिसत नाहीत, म्हणूनच तो निःपक्षपाती असतो.

२ एप्रिल
कोर्स मंजूर. स्लाइड दाखवून दाखवून मॅडमना थकवलं. विद्यार्थी मिळेनात. शेवटी मेहुण्याला, क्लाइडला गाठलं. खाण सुटल्यापासून घरीच असतो.
म्हणाला, "दाजी, समुद्र मी टीव्हीवरच बघितलाय."
म्हटलं, डेटावर विश्वास ठेव.
"डेटाचं राहू द्या. तुम्ही सांगताय म्हणून येतो."
काय हे अज्ञान! पण आला. खाणीतले दोस्तही घेऊन आला.

२७ जून
कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक फुटकी होडी आणून ठेवलीय. येणारेजाणारे विचारतात, "पूर कधी येणार, साहेब?" हलकट लोक. रसायनाच्या वासाने डोकं उठतं. सोमवारपासून व्यायाम.

८ सप्टेंबर
सगळे पास. क्लाइडने जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. फोन उचलणाऱ्या बाईंनी विचारलं, कधी पोचाल? हा म्हणाला, अर्ध्या तासात. मग पत्ता कळला. फ्लोरिडातही एक हॅडली काउंटी आहे. समुद्रकाठी. सिस्टीमने काउंटीचं नाव वाचलं, राज्याचं नाही.
ही निव्वळ तांत्रिक बाब. चूक जाहिरात देणाऱ्यांची.
क्लाइड ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "दाजी, पोरींना सांगून बसलो होतो, बापाला काम लागलं म्हणून."
मला जेवण गेलं नाही. मक्याचा पाव शिळा असणार.

३० सप्टेंबर
सगळे बायकापोरांसकट फ्लोरिडाला गेले. सगळ्यांना काम मिळालं! क्लाइडचा फोन : "दाजी, दिवसभर उन्हात काम. पाठ सोलून निघाली, पण काय मजा येते!"
यश शंभर टक्के. मी म्हणतच होतो.

१४ नोव्हेंबर
बेकारी इतकी कमी कधीच नव्हती. मॅडमना आलेख दाखवला.
"बेकारी नाही, माणसं कमी झाली," त्या म्हणाल्या. "शाळेचा दुसरीचा वर्ग बंद होतोय. तुमच्या आलेखात आहे का ते?"
नाही. शाळांचा डेटा पुढच्या टप्प्यात आहे. या बाईंना टप्पे कळत नाहीत.
बायको नोरीन भावाचं, क्लाइडचं, घर लावून द्यायला फ्लोरिडाला गेलीय. आठवड्यात परत येते म्हणाली.

५ डिसेंबर
नोरीनचा फोन. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागलीय. परत येणार नाही. म्हणाली, "तुला यायचं तर ये."
मी म्हटलं, माझ्यासारख्या अनुभवी माणसाला तिथे मागणी असणारच, चौकशी कर.
"केली," ती म्हणाली. "क्लाइडने सगळीकडे विचारलं. तुला काय काय येतं म्हणाले. मी सांगितलं, डेटा."
मग?
"मग म्हणाले, हातानं काही येतं का?"
फोन ठेवला. सूप गरमसुद्धा न करता डब्यातूनच प्यायलो. भिकार चव.