उरलेली सळई

३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत सरांनी आज विषय काढलाच. "लेख तपासणारे अडून बसलेत. आणखी एक चाचणी हवी. त्याच्या हातची एक सळई उरली आहे ना?"

उरली आहे. त्याच्या खणात, कापसात गुंडाळून. चाचणी म्हणजे मशीनमध्ये धरून तुटेपर्यंत ओढायची! नवरा गेला, भट्टी बंद पडली, आता ही एकच राहिली — तीही मीच तोडू? पण चाचणी नाही तर लेख नाही. मग त्याचं एवढं काम कुठेच राहणार नाही.

४ फेब्रुवारी

खणापाशी गेले आणि तशीच परत आले.

८ फेब्रुवारी

खण उघडला. सळई तशी धातूचीच, पण हा धातू वेगळा: वितळलेला रस इतक्या झटकन गार केलेला की काचेसारखा गोठतो. ताकद भरपूर, पण तडकतो एकदम. म्हणून त्याने त्यात मऊ कण आणले. ओढलं की ते आतल्या आत बदलतात, टणक होतात, आणि सळई आणखी बळकट होते. निदान तो तसं छातीठोकपणे सांगायचा.

मोजली. बाकीच्यांपेक्षा किंचित लांब, किंचित बारीक. मापाच्या नावाने याची नेहमीच बोंब! भाजी चिरली तरी एक फोड अशी, एक तशी. हसू आलं, मग रडूच फुटलं.

शेवटचं भांडणही या सळया तोडण्यावरूनच. मी म्हणत होते, "तोडतोस कशाला? थोडी ओढ, सोड, परत ओढ. दुसऱ्यांदा जास्त जोर लागला की झालं सिद्ध!" तो म्हणाला, "तुटल्याशिवाय काही कळत नाही. तू मला शिकवू नकोस." मग अबोला. आणि मग तो रस्त्यावरचा अपघात. अबोला तसाच राहिला.

११ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "तोडायलाच केली होती ना त्यानं? मग तोड. फक्त तुकडे मला दाखवू नकोस." नंतर बराच वेळ एकच वाटी पुसत होत्या.

१२ फेब्रुवारी

ओढली. आधीच्या सगळ्या सळया ज्या जोराला हार मानून लांबायला लागायच्या, तिथे ही ढिम्म! मशीन बिघडलं वाटलं. तपासलं — ठीक होतं. जोर वाढवत गेले, तेव्हा कुठे जराशी लांबली. मशीन थांबवलं, सळई सोडवून घेतली.

१३ फेब्रुवारी

ती आधीच एकदा ओढलेली होती. ओढून, न तोडता सोडलेली. म्हणून लांब, म्हणून बारीक, म्हणून इतकी हट्टी. मशीनची किल्ली आम्हा दोघांकडेच असायची.

अबोल्यातच त्याने माझं ऐकलं होतं.