ताऱ्यांच्या अभ्यासाचा निधी

मंगळवार, संध्याकाळ. हट्टा.

सुट्टीला घरी आलेय आणि आज पुण्याहून सरांचा फोन. तारे कसे जन्मतात, या आमच्या संशोधनाचा निधी बंद. माझी जागाही गेली. "तातडीचं काम नाही, असं वरून कळवलंय," सर म्हणाले. मग इतकी वर्षं मी काय करत होते?

अंगणात हळद पसरणाऱ्या बाबांना सांगितलं. "काहून? तारे बनायचे थांबले का?" त्यांनी विचारलं. काहून! मला तरी कुणी सांगितलं?

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "पोरगी परत कवा जाणार?"

"सोमवारी," बाबा पटकन बोलले. "तिच्याबिगर तिथलं काम अडून राहतं."

कुणाचंच काही अडत नाही, हे आता बाबांनाही कळलंय. तरी मी मान डोलावली.