प्रमिलाबाईंना पिक्चर दाखवल्याची हकीकत

लिंबायत, सुरत
मार्गशीर्ष, १९९५

तीर्थस्वरूप मारुतीदादांना वाल्मिकचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

कानबाईच्या कृपेने इकडे शरीरापुरते सगळे बरे आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी लसणाचे तेल चोळणे सोडू नये. (मी इथे चोळले तर छाया मला ओट्यावर झोपायला पाठवते, पण गुण येतो.) गायत्री खुशाल आहे असे पुढे लिहिणार होतो. पण दादा, तुमच्या मुलीचे जमत आलेले स्थळ माझ्या हातून मोडले, हे आधी लिहितो. बाकीचे सावकाश वाचा.

नवागामच्या लोटूभाऊंचा प्रवीण, म्हणजे तुम्हीच सुचवलेला, माझ्यासारखाच मागावर काम करणारा मुलगा, आईबापांसह गायत्रीला बघायला येणार होता. आमची खोली तुम्ही पाहिली आहे. खाली लूमचे खाते, माग सतत चालू, बोललेले ऐकू येत नाही. आम्ही घरातसुद्धा खात्यातल्यासारखे हातांनीच बोलतो: चहा दे, दार लाव, शेठ आला. (आल्यापासून गायत्रीही हे शिकली.) अशा जागी पाहुण्यांना बसवून काय विचारणार? म्हणून माझ्या शेजारच्या मागावरच्या दत्तूने तोड सुचवली. इथे काही जण मुलगी पिक्चरला नेऊनच दाखवतात. मध्यंतरात चहा, चार शब्द, आणि उठताना होकार. "भाऊ, नवा पिक्चर एकदम टॉप छे," तो म्हणाला. "हसता हसता हो म्हणतील. जोडी कोणती आहे ते तर बघ!"

जोडी मलाही माहीत होती. त्यांचा मागचा पिक्चर इतका चालला की पानाच्या प्रत्येक टपरीवर त्यांचे फोटो आणि लिंबायतच्या निम्म्या पोरांच्या कपाळावर त्या हिरोची झुलपे. आमच्या शेठने एका साडीला त्या हिरोइनीचे नाव दिले, तर तीही खपली. मला वाटले, ताणा तोच, बाणा तोच, मग कापड वेगळे कसे निघेल? इथेच मी फसलो.

हिरो श्रीमंत, पण ड्रायव्हर झालेला. हिरोइनही श्रीमंत, पण मोलकरीण झालेली. हे त्या दोघांखेरीज सगळ्यांना कळले होते. एक जाडा नोकर साबणावरून घसरला. कोणी हसले नाही, म्हणून मध्यंतरानंतर पुन्हा घसरला. दिवसभर मागापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हसवणे काही अवघड नाही, तो निमित्तच शोधत असतो. पण तेही यांना जमले नाही. अंधारात बसून मी देवीचे नाव घेत होतो. आम्ही एका रांगेत होतो: एका टोकाला प्रवीण, मग लोटूभाऊ, मी, मुलाची आई प्रमिलाबाई, छाया आणि दुसऱ्या टोकाला गायत्री. मुलगा-मुलगी एकमेकांशी एक शब्द बोलू शकली नाहीत. दोघे आपापल्या टोकाला डास वारत बसली होती.

मग पडद्यावर मुलगी बघण्याचा प्रसंग आला. हिरोची आई, हिरवी साडी, मोठी नथ, मांडीवर ताट, एकेक लाडू तोंडात टाकत मुलीला नावे ठेवते आहे. दादा, प्रमिलाबाई हिरव्या साडीत होत्या. नथ होती. आणि छायाने दिलेली शंकरपाळी नेमकी त्याच वेळी तोंडात होती. सबंध पिक्चरमध्ये थिएटर तेवढे एकदाच हसले. पुढच्या पोरांनी तर मागे वळून शिट्ट्या मारल्या.

"माले हाई दखाडाले लयनात का तुम्ही?" प्रमिलाबाई उभ्याच राहिल्या. मी म्हणालो, "ताई, हे दाखवायला कशाला आणीन? मला काय ठाऊक?" "ठाऊक नव्हतं, तर आणलं कशाला?" आणि त्या तरातरा बाहेर निघाल्या. लोटूभाऊ खाली मान घालून त्यांच्या मागे गेले, त्यांच्या मागे प्रवीण. मध्यंतराचा चहासुद्धा वाया गेला असे छाया म्हणते.

घरी गायत्रीने भांडी घासता घासता एवढेच विचारले, "काका, हा पिक्चर अजून किती दिवस आहे?" मला वाटले, पोरगी मला टोचते आहे. रात्री देवापुढे बसलो, तेव्हा दिवा लावायचा राहिला होता हेही लक्षात आले नाही. तुम्ही विश्वासाने पोर माझ्याकडे पाठवली होती. आता पत्र मिळताच येऊन तिला गावी घेऊन जावे. यापुढे स्थळाच्या कामात मला घालू नये.

तुमचा धाकटा
वाल्मिक

ता. क. हे पत्र टाकायचे राहून गेले. दरम्यान दत्तू रात्रपाळी करून निवांत झोपायला त्याच पिक्चरला गेला होता. (हल्ली तिथे खात्यापेक्षा शांतता असते.) बाल्कनीत दोनच माणसे, एका रांगेच्या दोन टोकांना, मधल्या खुर्च्या रिकाम्या. प्रवीण मागावरच्यासारखे हाताने म्हणत होता, तार तुटली. गायत्री म्हणत होती, जोड आणि चालू कर. दत्तू म्हणतो, डास एकही नव्हता.

पुन्हा ता. क. तरी या, पण तिला न्यायला नको. आपण दोघे भाऊ प्रमिलाबाईंच्या पाया पडू. पिक्चर गुरुवारी उतरतो, त्याआधी या. नंतर ती दोघे कुठे बोलणार? मानाची साडी मी इथेच घेतो. हिरवी घेणार नाही.