सहाशे बारा जळितांचा खुलासा

कोपरगाव,
रविवार, १७ जानेवारी १९७१

तीर्थरूप दाजींच्या चरणी गोरक्षनाथाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत, तुमच्याकडची खुशाली कळवावी. आक्काचा गुडघा कसा आहे? थंडीत तिला धुणे पिळू देऊ नका (ऐकणार नाही, पण माझे नाव सांगा, निदान चिडून तरी उठेल). तिळगूळ केडगावच्या पाहुण्यांबरोबर पाठवला आहे. ते वाटेत खाणार हे धरून दुप्पट दिला आहे.

आता माझी बातमी. कारखान्यातली माझी खुर्ची जायला निघाली आहे. येत्या सत्तावीस तारखेला कार्डांची परीक्षा आहे, तिला बसलो नाही किंवा नापास झालो, तर माझी बदली गेटवर, बैलगाड्या मोजायला. मी बसणार नाही आणि खुर्चीही सोडणार नाही. बावीस वर्षे शेतकी ऑफिसात ऊसनोंदणीच्या टेबलावर आहे मी. कुणी कोणत्या महिन्यात लागण केली, कुणाचा खोडवा आहे, कुणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी पाठवायची, सगळे माझ्या वहीत आहे. वहीत नाही ते डोक्यात आहे. यंदा मात्र वरच्या मंडळींनी ठरवले की तोडीचा क्रम पुण्याचे मशीन लावणार. ऊस इथे, मशीन पुण्याला आणि मधे सव्वाशे मैल!

आम्हाला शिकवायला पुण्याहून एक साहेब आले. वय पंचविशीच्या आत, बोलणे मऊ, बूट मात्र असे चकचकीत की आमच्या आवारात पाऊल टाकताना त्यांना दोनदा विचार करावा लागे. कारखान्याच्या शाळेत आठ दिवस वर्ग भरला. आम्ही पन्नाशीचे कारकून पहिलीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला. साहेब सांगत, प्रत्येक शेतकऱ्याचे एक कार्ड, कार्डाला भोके आणि भोकांवरून मशीनला सगळे कळते. गावाला नंबर, उसाच्या जातीला नंबर, माणसालाही नंबर. पुणतांब्याच्या राहीबाई म्हणजे १४०७. मी विचारले, हे राहीबाईंना सांगणार कोण? साहेब म्हणाले, त्यांना सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून मी हाताची घडी घालून बसलो (बाकीचे माझ्याकडे बघून हसले आणि निमूट लिहू लागले. असल्या मंडळींत दिवस काढतो आहे मी).

पुढे भोके पाडलेली कार्डे नोंदवहीशी ताडून बघायला आमच्याकडे आली. कार्डावर सूचना छापली होती : घडी घालू नये, वाकवू नये, टाचणी लावू नये. मी घडी घातली नाही, वाकवले नाही, टाचणीला हात लावला नाही. ताडून झाल्यावर बावीस वर्षे करतो तेच केले. गावागावाचे गठ्ठे लावले, दाभणाने भोक पाडले, लाल दोरा ओवला आणि गाठ मारली. ऑफिसातला कागद ओवला नाही की हरवतो, हे कुणालाही विचारा. मुळात कार्डाला इतकी भोके, त्यात माझे एक जास्त. तेही वेडेवाकडे नाही, फूटपट्टीने खूण करून, सहाशे बारा कार्डांवर एकाच जागी.

ती जागा नेमकी जळिताची निघाली. आग लागलेला ऊस ताबडतोब तोडावा लागतो, नाहीतर वाळून वाया जातो, म्हणून जळिताला सगळ्यांच्या आधी टोळी मिळते. पुण्यात दोरे सोडून कार्डे मशीनला घातली आणि त्या शहाण्याने कुणाला न विचारता सहाशे बारा शेतकऱ्यांचा ऊस पेटवून दिला. मंगळवारी यादी फळ्यावर लागली. दुपारच्या एस.टी.ने राहीबाई धापा टाकत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, माजा ऊस जळाला म्हनं. आवं, आत्ता त्यालाच पानी देऊन आले की मी! जळाला कवा?" पहिला अर्धा तास लोक घाबरून आपापल्या शेताकडे पळाले. नंतर सगळे परत आले आणि टोळी आपल्यालाच आधी पाहिजे म्हणून अडून बसले. "तुमचाच कागद हाय न्हवं? मग खोटा हाय का?"

आणि दाजी, त्या सहाशे बारांत एकाचा ऊस खरोखर जळाला होता. भीमाचा, दीड एकर. तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून सांगत होता, "साहेब, माजा खरंच जळालाय," आणि यादीत त्याचा नंबर तीनशे अठ्ठ्याऐंशी! मी सायकल काढली, चेअरमनच्या मेव्हण्याच्या शेतातली टोळी उठवली आणि भीमाच्या रानात नेऊन उभी केली. लेखी हुकूम नव्हता. संध्याकाळी ऊस गाड्यांत भरला होता. तिथून तीन दिवस, संक्रांतीसुद्धा, तोड माझ्या वहीवर चालली आणि गाळप एक मिनिट थांबले नाही.

बक्षीस म्हणून मला मेमो आला. टोळी का हलवली, खुलासा करा आणि परीक्षेला बसा. मी बाणेदार खुलासा लिहिला आहे : 'कार्ड ओवू नये असे त्यावर कुठेही छापलेले नाही. वेळ आली तर टोळी पुन्हा हलवीन. परीक्षेला बसणार नाही.' शेजारच्या टेबलावरचा गहिनीनाथ वाचून म्हणाला, वाघ आहेस. साहेबांचे म्हणाल, तर लोक अंगावर गेले तेव्हा ते 'शिकवण्यात माझीच चूक झाली' असे सगळ्यांसमोर म्हणाले. दाभणाचे भोक त्यांनी पाहिले होते. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मला हे मुळीच आवडलेले नाही. भांडले असते तर बरे झाले असते.

लहानांना आशीर्वाद, आक्काला नमस्कार.

तुमचा हट्टी मेव्हणा,
गोरक्षनाथ

ता. क. खुलासा लिहिला आहे खरा, पण अजून दिलेला नाही. खिशात आहे.

ता. क. दुसरा. आपली रतन पुण्यात हीच कार्डांना भोके पाडायची नोकरी करते. दोन वर्षांमागे 'पोरीला मशीनवर बसवू नका' असे चार पानी पत्र मी तुम्हाला लिहिले होते, ते कृपा करून फाडून टाका. तिला रजा मिळत असेल तर शुक्रवारी चार दिवसांसाठी इकडे पाठवा. गावात सांगू, हुरडा खायला आली आहे. तिने मामाला हसू नये एवढेच. आणि पार पहिल्यापासून शिकवावे. मी त्या वर्गात हाताची घडी घालून बसलो ती राहीबाईंसाठी नव्हे, दाजी. मला पहिल्या दिवसापासून काहीच कळत नव्हते आणि एवढ्या पोरसवद्या माणसाला पुन्हा विचारायची लाज वाटत होती.