मदरबोर्ड आणि मामाची ओळ

१२ जाने., सोमवार
सकाळी बटण दाबलं. पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, स्क्रीन काळाच. बीपसुद्धा नाही. रॅम काढून खोडरबराने पुसून परत लावली. काही नाही. गावभरच्या लग्नपत्रिका मुकाट्याने बनवल्या या मशीनने, आणि माझ्या स्वतःच्या पोरीची अर्धी झालेली असताना बरोबर मुहूर्त साधून मेलं. कल्याणीचं लग्न पुढच्या महिन्यात. प्रेसवाला फाईल न्यायला २२ ला येणार.

१३ जाने.
प्रवीण आला. स्टँडजवळच्या दुकानातला, स्वतःला इंजिनीअर म्हणवतो. कव्हर उघडून पाच मिनिटं चेहरा पाडून बसला, सांत्वनाला आल्यासारखा. मग निदान: "काकू, मदरबोर्ड गया. कॅपॅसिटर फुगी गयात." फुगलेत ते मलाही दिसत होतं, त्यासाठी डिप्लोमा लागत नाही. हार्ड डिस्क शाबूत आहे, एवढंच बरं.
म्हणे नवा बोर्ड टाकू. अरे शहाण्या, माझ्या डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं लॉक मागच्या जुन्या प्रिंटर-पोर्टात बसतं. ते बसल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या बोर्डांना तो पोर्टच नसतो. मग म्हणे कन्व्हर्टर. त्याच्या दुकानात जाऊन तेही केलं. स्क्रीनवर आलं: "लॉक सापडत नाही." प्रवीण म्हणाला, असं व्हायला नको होतं. हे वाक्य त्याच्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यायला हवं.

१५
यांचं मत: मोबाईलवर बनवून घेऊ, वर गणपती नाचतो, खाली गाणं वाजतं. आणि याच माणसाच्या नावासाठी मी आठ वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नाही! ब्राह्मणपुरीकरांनी, म्हणजे याच भावाने, मुलाची पत्रिका माझ्याकडे न देता नंदुरबारला छापली. त्यात एकुलत्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव सगळ्यात खाली, आठ पॉइंटाच्या बारीक अक्षरात. मी पट्टी लावून मोजलं होतं. गावच्या ग्रामसेवकाला मात्र अठरा पॉइंट.
यांना तेव्हाही काही वाटलं नाही. "नाव वाचीसन कोन जेवस?" म्हणाले आणि बुंदी वाढून घेतली.

१६
प्रवीणने अक्कलकुव्याहून एक जुना बोर्ड आणला. मॉडेल वेगळं, वर उंदरांनी संसार केलेला. नाकाला पदर लावून परत पाठवला.
प्रवीण: "काकू, याच मॉडेलना भेटना तर बराबर बठी जाई. पन भेटाव नही."
कल्याणी एकदम म्हणाली, "मामाकडे शे ना."
आहे. मला काय माहीत नाही? दोन्ही मशीन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली. एक मला, एक त्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानाला. म्हटलं, मी मेल्यावर माग.

१७
पोरीने माझ्या मागे फोन केलाच. दुपारी वहिनीचा आला. "बाई, ते डबडं माळवर पडी राहेल शे, चार साल व्हयनात. तुमना भाऊ म्हनतस, लागस व्हई तं धाडी देस."
डबडं! भंगार द्यायलाही मोठेपणा. नको म्हणणार होते. मग आठवलं, आज १७ झाली.
"धाडा," म्हटलं. आभार मानले नाहीत.

१९, सोम.
कंडक्टरबरोबर केळीचं खोकं आलं. आत भुशात बोर्ड, प्रोसेसर-रॅमसकट, वहिनीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. वर चिठ्ठी, भावाच्याच कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: "पत्रिकामा नाव टाकशी तं मांगे माजी उपसरपंच टाकजो."
हद्द आहे. आठ वर्षांनी पहिली ओळ लिहिली, ती ही! कुणी विचारलंय? पत्रिकेत मामाची ओळ मी मुळात ठेवलेलीच नाही. काकांखाली सरळ आत्या घेतल्यात. कल्याणी प्रूफ बघून जेवली नाही. लग्न लागताना नवरीच्या मागे मामाच उभा राहतो, आणि बिनबोलावता तो येणार नाही. मलाही कळतं. म्हणून काय.

२०
प्रवीणने बोर्ड बसवला. तीनदा स्क्रू पाडले. पॉवरची वायर उलटी घालत होता, मी हात धरला. मग बटण दाबलं.
बीप. एकच, छोटी, बरोबर. माझी डिस्क, माझं विंडोज, लॉक सापडलं, पत्रिका उघडली. डोळ्यांत पाणी आलं. प्रवीणला वाटलं त्याच्या कामगिरीमुळे.
तो गेल्यावर लक्षात आलं. कोपऱ्यातली तारीख आजची. वेळ दोनच मिनिटं पुढे. हे कसं? मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो बोर्डावरचा बटणाएवढा सेल. चार वर्षं माळ्यावर पडलेल्या बोर्डाचा सेल कधीच संपला असता, तारीख पार मागे गेली असती. कव्हर परत उघडलं. सेल नवा, चकचकीत. कुठे धुळीचा कण नाही.
म्हणजे दुकानातलं चालू मशीन उघडून त्यातला बोर्ड काढून पाठवला या माणसाने. आता पावत्या हाताने लिहीत असेल, त्या अक्षरात. गिऱ्हाइकांचं कठीण आहे.
खोटं बोलायचं तर सेल तरी काढून ठेवायचा. तेवढीही अक्कल नाही. लहानपणीही असाच. माझ्यासाठी कैऱ्या चोरायचा आणि खिशात पानं तशीच.

२१
मीच भावाला फोन केला. उचलला त्यांनीच.
"चालू व्हयना का?"
"हो."
"मंग बरं."
"तुन्हं दुकान?"
"मनाकडे नवं मशीन शे ना." मागे वहिनी खुदकन हसली. मी फोन ठेवला. "ये" म्हणायचं राहिलं. त्यांनीही विचारलं नाही.
आत्यांच्या वर ओळ उघडली. मामा: पूर्ण नाव टाकलं. मागे "माजी उपसरपंच" पण. वाचून अंगाचा तिळपापड झाला, तरी खोडलं नाही. मग ओळ निवडून अक्षराच्या साईजची चौकट उघडली. आठ टाकलं. कल्याणी मागे येऊन उभी राहिली. अठरा टाकलं. ग्रामसेवकाएवढं. यांचं नाव आठवलं, परत आठ.
उद्या दहाला प्रेसवाला येईल. फाईल अजून सेव्ह केलेली नाही.