पाइपाच्या आतली टोकं

प्रिय अण्णा,

हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा. आईला नंतर द्या, पण मोठ्याने वाचायला लावू नका, ती रडत वाचते आणि अर्धे शब्द खाते. पत्र ताईच्या घराबद्दल आहे, तिच्या कपडे वाळवायच्या मशीनबद्दल, आणि काम तातडीचं आहे. तरी तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल. सरळ मुद्द्यावर येणं मला शाळेतही कधी जमलं नाही. झाडावर निबंध लिहायला सांगितला की मी झाडावरच्या मुंगीबरोबर शेजारच्या अंगणात उतरायचे.

बोटी रंगवायचं काम मी सोडलं. कारण विचारू नका, मलाही नीट आठवत नाही. समोरून रंगीत तंबू घेऊन काही लोक चालले होते, त्यांच्याशी बोलत बोलत पुढच्या गावात पोचले, एवढंच. आता मी एका बाईबरोबर काम करते. तिला सगळे नुसतं बाई म्हणतात. तिच्याकडे एक खडखडती व्हॅन आहे आणि धंदा एकच: लोकांच्या घरी कपडे वाळवायचं मशीन भिंतीपासून ओढायचं, गरम हवा बाहेर नेणारा मागचा पाइप सोडवायचा आणि लांब दांड्याचा ब्रश फिरवून आतली लव काढायची. लव म्हणजे कपड्यांची ती करडी, मऊ धूळ. मशीनच्या जाळीत अडकते ती लोक काढतात, जी निसटते ती पाइपात जाऊन बसते आणि तिचा कोणाला पत्ताच नसतो. तुम्ही म्हणाल, हा काय धंदा झाला? मीही म्हटलं होतं. बाई म्हणाली, चार दिवस कर आणि मग नाक मुरड.

मजा येते, अण्णा. पाइप उघडला की घर कळतं. एका घरी निळीच्या निळी लव निघाली, कारण नवराबायको दोघंही कारखान्याचा निळा डगला घालणारी. एका घरी मूठभर मांजराचे केस निघाले आणि घरातली बाई शपथेवर सांगत होती, छे, आम्ही मांजर पाळलंच नाही. तेवढ्यात मांजर आतल्या खोलीतून आलं, शेपूट ताठ करून, घरमालक असल्यासारखं. बिचारी भाडेकरू असावी. पण मी भरकटले.

काल एका निवृत्त पोस्टमनकडे गेलो. तो म्हणाला, कपडे दोन-दोनदा फिरवावे लागतात, मशीन माझ्यासारखं म्हातारं झालंय. बाई म्हणाली, म्हातारं नाही झालं, गुदमरलंय. मी मागे शिरले आणि पाइप बघतच राहिले. इतकं देखणं पत्र्याचं काम! जोडात नख जाणार नाही. प्रत्येक जोडाला सारख्या अंतरावर स्क्रू आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला. खाचा एका दिशेला लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिलाय. क्षणभर वाटलं, तुम्हीच इथे येऊन गेलात की काय.

मग बाईने पाइप उजेडाकडे धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. बाहेरून टिकलीएवढा दिसणारा प्रत्येक स्क्रू आत टोक काढून बसला होता आणि प्रत्येक टोकाला लवेची दाढी होती. दाढीत दाढी गुंतून मधे बोटभर भोक उरलं होतं. मशीनजवळच्या जोडातली लव तर करपलेली, हाताला काळी लागली. बाई म्हणाली, हे भिंतीच्या आत पेटतं, आणि घरातल्यांना कळतं ते भिंत पेटल्यावर. वर म्हणाली, कुठल्या शहाण्याने इथे स्क्रू ठोकलेत?

मला काय झालं कोण जाणे, मी तिच्या अंगावर धावूनच गेले. म्हटलं, तोंड सांभाळ, माझे वडील असेच लावतात. उभा जन्म पत्र्यात घालवलाय त्यांनी, पन्हळी केल्या, टाक्या केल्या, धुराडी केली, एक जोड सुटला नाही आजवर. पोस्टमन घाबरून पाणी आणायला गेला. बाई मात्र चिडली नाही. म्हणाली, जोड सुटत नाही हे खरंच आहे गं. पन्हळीला तुझ्या वडिलांचं काम म्हणजे सोनं. पण इथून पाणी नाही जात, लव जाते, तिला अडकायला एवढंसं टोक पुरतं. मग हात पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, कुठे बसवलाय त्यांनी असा पाइप?

लेकीकडे, मी म्हटलं, आणि तो करपलेला जोड पुन्हा उजेडाकडे धरला.

ताईने मशीन घेतलं तो दिवस मला आठवतो. दाजी दुकानातला माणूस बोलावणार होते आणि तुम्ही किती रागावलात! माझ्या लेकीच्या घरात पत्र्याला परका हात लावणार? आपलं पत्र्याचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही खुर्चीतून उठतसुद्धा नव्हता, त्या दिवशी बनियनवर मशीनमागे पालथे पडून काम केलंत, वर गुणगुणत. शेवटी पाइपावर थाप मारून म्हणालात, भूकंप झाला तर भिंत पडेल, हा नाही पडायचा. दाजींनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तुम्ही आईला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीत, शेवटी तिने कानावर हात ठेवले. मग गल्लीतले लोकही पाइप बसवायला तुम्हालाच बोलवायला लागले आणि तुमचं जेवण वाढलं, असं आई म्हणाली होती. हे सगळं डोळ्यांसमोर होतं म्हणून फोन करवला नाही. शिवाय फोनवर तुम्ही पहिल्या वाक्याला हं म्हणता आणि दुसऱ्याला फोन आईच्या हातात देता.

ताईला मात्र मी त्याच दिवशी फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, मशीन हल्ली रुसलंय, बाळाचे कपडेही एका फेरीत वाळत नाहीत, मागची भिंत गरम लागते, हे शनिवारी मेकॅनिक बोलावणार आहेत. मी तिला शपथ घातली की मशीन आता एकदाही लावायचं नाही, कपडे दोरीवर टाक, अण्णा स्वतः येणार आहेत पाइप साफ करायला. ती म्हणाली, अण्णांनी सांगितलं तुला? मी हो म्हटलं. तेव्हा तुम्ही मला सांगितलंय हे लक्षात ठेवा. स्क्रूंबद्दल मी तिला एक अक्षर बोलले नाही. मेकॅनिकने तो पाइप दाजींसमोर उजेडाकडे धरावा हे मला नको होतं, म्हणून हे पत्र. शनिवारच्या आधी जा. स्क्रू काढा, आत ब्रश फिरवा, जोडाचं निमुळतं तोंड हवा जाते त्या दिशेला ठेवा आणि भोकांसकट जोडावर चांदीसारखी चिकटपट्टी गुंडाळा. दाजींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गल्लीतल्या घरांना असं गुपचूप नाही चालायचं. मशीन बंद ठेवा, एवढं तरी आजच त्यांना सांगून या. मग एकेका घरी जाऊन स्क्रू काढायचे आणि का काढतोय तेही सांगायचं. ते तुम्हाला किती जड जाईल हे मला कळतं, म्हणून मी येतेय. बाईकडे सुट्टी मागितली तर म्हणाली, सुट्टी कसली, ब्रश घेऊन जा. रविवारी पोचते. दारं मी वाजवीन. पहिलं वाक्य तुम्ही बोला. नाहीच फुटलं तोंडातून तर मी बोलेन, आणि मधेच भरकटले तर कोपराने ढोसा मला.

तुमचीच,
भिंगरी