मृग आणि मुर्गी

सर, आज कॉलेजात ‘हत्ती’ हा शब्द शिकवत होते आणि तुमची फार आठवण झाली. वेदांमध्ये हत्तीला ‘मृगो हस्ती’ म्हटलंय, हात असलेलं जनावर, असं सांगितल्यावर मुलं खूश झाली. त्या काळी मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, नुसतं हरीण नव्हे, हे मला आठवीत तुम्हीच शिकवलं होतंत. सिंह मृगराज कसा, हे तुम्ही रंगून सांगत होतात आणि मी हात वर केला. “सर, मग मुर्गीसुद्धा मृगच का?” एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत शेजारच्या चाची कोंबडीला मुर्गी म्हणायच्या, तेवढाच माझा आधार. तुम्ही हसलात. “अगं, मुर्गी फारसी. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. उद्या म्हणशील, गाय आणि गायन सख्ख्या बहिणी!” वर्ग खिदळला. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव मुर्गी पडलं होतं. घरी येऊन मी रडत जाहीर केलं, संस्कृत सोडणार, पूर्ण हिंदी घेणार. वडील नुकतेच वीजकेंद्रातून पाळी संपवून आले होते. “घे की. आपल्याला कुठं पुजारी व्हायचंय?” झालं, विषय मिटला.

आणि मग तो रविवार. गॅसवर कोंबडीचा रस्सा रटरटतोय, घरभर वाटणाचा वास, आणि दारात तुम्ही, घामाघूम, सायकल भिंतीला टेकवलेली. तुम्ही माळकरी, हे सगळ्यांना ठाऊक. आईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. “अहो सर, आज नेमकी कोंबडी टाकलीये. बाहेर ओट्यावर बसता का?”

“राहू द्या हो वहिनी, मी कोंबडीचंच बोलायला आलोय,” म्हणत तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकता. मग माझ्याकडे वळता. “बाळ, मी चुकलो. काल दिवसभर पुस्तकं काढून बसलो होतो. आपली नि इराणची जुनी भाषा एकाच घरातल्या. मृग हा शब्द दोघींकडे होता. आपल्याकडे तो हरणापाशी थांबला, तिकडे पाखरापाशी. त्याचाच पुढे मुर्ग झाला. उद्या वर्गात सांगतो मी. पण तूही ऐक, तुझा नेम लागला तो डोळे मिटून. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून मार.”

वडील रेडिओ बंद करतात. “म्हणजे इराणवाले आपले भाऊबंद म्हणायचे?”

“भाषेपुरते तरी.”

“मग भांडणंही असतील,” वडील म्हणतात, आणि तुम्ही हातातला चहा सांडेपर्यंत हसता. हिंदीचा विषय मग घरात कुणी काढला नाही, मीही नाही. सोमवारी तुम्ही खरोखरच सगळ्या वर्गासमोर आपली चूक सांगितलीत. मुर्गी हे नाव मात्र दहावीपर्यंत टिकलं. मला ते आवडायला लागलं होतं.

आज तास संपताना एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ‘कुत्रा’ कुठून आला? श्वानाशी तर काही जुळत नाही.” मी म्हटलं, नक्की कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. ती गोड हसली, मलाही बरं वाटलं. तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठं पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते, सर: एवढंसं बोलताना माझे कान तापले होते. तुम्ही तर ‘मी चुकलो’ हे आमच्या घरी येऊन, माझ्या आईवडिलांसमोर बोलला होतात.